खड्ड्यात मुरलेला टिकी

पुआहेईने कोरलेला पहिला टिकी, म्हणजे पूर्वजाची लाकडी मूर्ती, आत्याने उचलला, फिरवून फिरवून पाहिला आणि थेट स्वयंपाकघरात नेऊन त्याने उकडलेला नीरफणस कुटायला सुरुवात केली.

"आत्या! अगं, तो टिकी आहे!"

"असेल बाई," आत्या कुटता कुटता म्हणाली. "पण हातात काय बसलाय म्हणून सांगू! माझ्या दगडी बत्त्यापेक्षा हलका."

आत्याचा तरी काय दोष? फातू हिवा बेटावर दगडी बत्त्याच्या टोकाला टिकीचा चेहरा कोरलेला असतोच, आणि पुआहेईच्या हातून जे तयार झालं होतं त्याला वर एक दचकलेला चेहरा होता आणि खाली नुसतीच मूठ. सुरुवातीला तो मांडीएवढा जाड ओंडका होता. पुआहेई पापीते शहरातून रसायनशास्त्राची पदवी घेऊन आलेली आणि हानाउआ खोऱ्यातल्या शाळेत मुलांना शिकवणारी. अंदाजाने काम करणं तिला जमतच नसे. डोकं उंचीच्या एक तृतीयांश, डोळा डोक्याच्या एक तृतीयांश, हात पोटावर, गुडघे वाकलेले, असं सगळं तिने वहीत लिहून घेतलं होतं. उजवा डोळा दोन मिलिमीटर मोठा झाला, म्हणून तिने डावा वाढवला. डावा तीनने वाढला, म्हणून पुन्हा उजवा. डोळे वाढले तशी डोक्याची जागा कमी पडली, म्हणून खांदे तासले. खांदे गेले तसे हात लोंबकळायला लागले, म्हणून हात काढून टाकले. अठरा दुरुस्त्या झाल्या. प्रत्येक दुरुस्ती एकेकटी पाहिली तर अगदी बरोबर होती.

"पहिली बोट गेली," आत्याने आठवण करून दिली. "दोन राहिल्या."

गोष्ट आजोबांच्या सात पटाश्यांची होती. आजोबा वारले तेव्हा पुआहेई पापीतेला परीक्षा देत होती. लहानपणी ती त्यांच्या शेजारी बसून पटाश्या हातात द्यायची. ते "तीन" म्हणाले की तीन नंबरची, "पाच" म्हणाले की पाच नंबरची. पेरूच्या लाकडाच्या त्या मुठींवर आजोबांच्या अंगठ्याने पन्नास वर्षांत खळगे पाडले होते. आता त्या आत्याच्या पेटीत होत्या, आणि चुलत भाऊ कोहू त्या मागत होता.

कोहू बाराव्या वर्षापासून टिकी कोरत होता आणि विसाव्या वर्षापासून विजेच्या ग्राइंडरने कोरत होता. त्याला पटाश्या वापरायच्याच नव्हत्या. दुकानातल्या भिंतीवर त्या ओळीने टांगायच्या आणि खाली "माझे पूर्वज" असं लिहायचं, असा त्याचा बेत होता.

"भिंतीवर?" पुआहेई किंचाळली होती. "गंजून जातील!"

"तुझ्या हातात काय मोठी शोभा येणार आहे त्यांना? पेन्सिलीला टोक काढशील."

आत्याने दोघांना गप्प केलं. तिचा नियम आजोबांचा आणि आजोबांना त्यांच्या आजोबांनी सांगितलेला. आपण कोरलेला टिकी आपल्या माणसांना आवडतोच, त्यात माया असते, त्याचा काही उपयोग नाही. परक्या माणसाने तो स्वतःहून पसंत करून खोऱ्याबाहेर नेला, तर तू कोरणारा. कोहूचे टिकी ढिगाने गेले होते. पुआहेईला आत्याने तीन बोटींची मुदत दिली; जमलं तर पटाश्या तिच्या, नाहीतर कोहूच्या. मालाची बोट तीन आठवड्यांनी एकदा येते. पीठ, पेट्रोल, सिमेंट आणि पन्नासएक पाहुणे उतरवते, आणि दुपारी निघून जाते.

दुसऱ्या टिकीच्या वेळी पुआहेईने दुरुस्त्या करायच्याच नाहीत असं ठरवलं. जे निघेल ते निघेल. निघाले ते पेतेरोकाका.

पेतेरोकाका म्हणजे चर्चमध्ये दर रविवारी प्रार्थना चालवणारे गृहस्थ. पाद्री वर्षातून दोनदा येतात, बाकी सगळा कारभार काकांचा. तेच फुगलेले डोळे, तोच कान ते कान पसरलेला रुंद ओठ, पोटावर ठेवलेले तेच दोन हात, जणू आत्ताच जेवून उठलेत. पुआहेईने हे मुद्दाम केलं नव्हतं. दर रविवारी तासभर एकाच चेहऱ्याकडे बघत बसल्यावर हात दुसरं काय कोरणार?

बातमी खोऱ्यात पसरायला पाऊण तास लागला. काका स्वतः आले. टिकीसमोर उभे राहिले. टिकीनेही त्यांच्याकडे पाहिलं.

"हा कोण?" काकांनी विचारलं.

"टिकी आहे, काका."

"मग त्याने माझे कान का लावलेत?"

मागे उभा असलेला कोहू खोकल्याचा आव आणत भिंतीकडे वळला.

"योगायोग आहे, काका. तसंही पोट कमीच दाखवलंय मी."

काकांनी टिकी काखेत मारला. "जर्मनीतल्या कुणाच्या तरी न्हाणीघरात जाऊन उभं राहायची माझी इच्छा नाही," असं म्हणून ते त्याला घरी घेऊन गेले. त्यांच्या बायकोने तो चुलीजवळ ठेवला. काका ऐकत नसले की ती त्याच्याशी बोलते, असं म्हणतात.

"काका परके नाहीत," आत्या म्हणाली. "आणि खोऱ्याबाहेरही गेला नाही. एक बोट राहिली."

तिसरा टिकी मात्र खरोखर जमला. दोन्ही डोळे सारखे नव्हते, पण ज्या माणसाला काहीतरी ठाऊक आहे आणि तो सांगणार नाही, त्याचे असतात तसे होते. आत्यानेही त्याने काही कुटायला घेतलं नाही. अडचण एकच होती. तोऊ नावाच्या झाडाच्या लाकडाचा गाभा काळसर असतो आणि सालीलगतचा थर पिवळा. पुआहेईने ओंडका असा धरला होता की पिवळा पट्टा बरोबर टिकीच्या अर्ध्या चेहऱ्यावरून खाली पोटापर्यंत आला होता.

"उन्हात अर्धाच झोपला होता वाटतं," कोहू म्हणाला.

लाकूड काळं करायचं तर लोक ते अळूच्या वाफ्यातल्या चिखलात पुरतात. त्याला दोन महिने लागतात. बोटीला नऊ दिवस होते. पुआहेई रात्रभर नव्हे, पण दोन कप कॉफी होईपर्यंत विचार करत बसली. चिखलात काय असतं? लोह. लाकडात काय असतं? टॅनिन. दोघं भेटले की काळं होतं. आंबट असलं की जास्त लवकर भेटतात. तिने जुन्या नांगराचा गंज खरवडून पाण्यात कालवला, तोऊच्या ढलपीवर एक थेंब टाकला आणि शाळेतल्या घड्याळावर वेळ मोजली. ढलपी काळवंडली, पण फार हळू. आता आंबट हवं. दुकानातला व्हिनेगर संपलेला, बोट येईपर्यंत मिळणार नाही. माशाला लावायचं लिंबू तेवढ्याला पुरणार नाही.

मग तिला मागच्या अंगणातला खड्डा आठवला.

तो खड्डा पुआहेईच्या आजीने खणलेला. पानांचं अस्तर, त्यात नीरफणसाचा गर, वर पानं, वर दगड. गर आंबतो, त्याला मा म्हणतात; वर्षानुवर्षं थोडा काढायचा, थोडा नवा घालायचा. तो उकडलेल्या नीरफणसात कुटला की पोपोई होते, आणि पोपोई नसेल तर आत्याच्या मते जेवण झालेलं नसतं. पुआहेईने शाळेतली कागदी पट्टी खड्ड्यात बुडवून पाहिली. आम्लता झकास होती. आत्या शेजारच्या खोऱ्यात बारशाला गेली होती. पुआहेईने एका कोपऱ्यातला गर केळीच्या पानांनी वेगळा केला, गंजाचं पाणी चोपडलेला टिकी त्यात उभा पुरला आणि दगड जसेच्या तसे रचले.

चौथ्या दिवशी काढला तेव्हा तिचा श्वासच अडकला. टिकी काळाभोर झाला होता, ओल्या समुद्रखडकासारखा. पिवळा पट्टा गेला होता. प्रयोग शंभर टक्के यशस्वी.

मग तिने श्वास घेतला.

समुद्राच्या पाण्याने धुऊन वास गेला नाही. राखेने घासून गेला नाही. दोन दिवस उन्हात ठेवल्यावर वासाला जरा धार आली. शेवटी तिने फुलं घातलेलं खोबरेल तेल चोळलं, तर मा नटूनथटून लग्नाला निघाल्यासारखा वास सुटला. आत्या परत आली ती फाटकातूनच म्हणाली, "कुणी पोपोई काढलीय? मला भूक लागली." आणि मग तिने खड्ड्याचे दगड पाहिले.

पुढचा अर्धा तास इथे लिहिण्यात अर्थ नाही. शेवटचं वाक्य एवढंच होतं: "तुझ्या आजीने त्यात कधी बोटसुद्धा न धुता घातलं नाही, आणि तू माणूस पुरलास!"

बोटीच्या दिवशी धक्क्याजवळच्या मांडवात टेबलं लागली. कोहूच्या टेबलावर बारा टिकी होते, बारा सख्ख्या भावांसारखे. पुआहेईच्या टेबलावर एक टिकी होता, आणि टेबलाखाली चार कुत्री आणि एक डुक्कर आशेने बसले होते.

पाहुणे होडीतून उतरले, फुलांच्या माळा घालून घेतल्या आणि टेबलांवरून फिरू लागले. पुआहेईच्या टेबलापासून दोन मीटरवर प्रत्येकाची पावलं मंदावत आणि दिशा बदलत. तिने मनातल्या मनात आलेख काढला; वाऱ्याच्या बाजूने अंतर तीन मीटर पडत होतं. एका सद्गृहस्थांनी काळजीने विचारलं, "बाई, या मांडवाखाली काही मेलंय का?"

"हो," कोहू पलीकडून म्हणाला. "आमच्या बहिणीची हौस."

पहिलं गिऱ्हाईक आलं ते पाहुण्यांतलं नव्हतंच. बोटीवरचा क्रेन चालवणारा आडदांड खलाशी सिमेंटची गोणी खांद्यावर घेऊन चालला होता, तो वाटेत थबकला. त्याने गोणी खाली ठेवली. नाक वर केलं. डोळ्यांत पाणी आलं.

"आईचा खड्डा," तो म्हणाला. "अगदी आईचा खड्डा! हा मी घेतो. बोटीवर माझ्या खाटेशी ठेवतो."

पुआहेईने टिकी उचललाही होता, तेवढ्यात आत्या पुढे सरसावली.

"कुणाचा रे तू?"

"उआ पोऊ बेटाचा, बाई."

"ते कपाळावरून दिसतंय. आई कुठली?"

"आईची आई इथलीच, फातू हिवाची. हानावावेची."

"नाव?"

त्याने नाव सांगितलं. आत्याने डोळे मिटले, बोटांवर काहीतरी मोजलं आणि त्याच्या गालाचा पापा घेतला. "अरे, माझ्या चुलत आजोबांच्या थोरल्या मुलीचा नातू तू! परका कसला? बस, पोपोई खा."

दुसरी आली बोटीवरची स्वयंपाकीण, नुकू हिवाची. ती तर आत्याच्या भावजयीची सख्खी मामेबहीण निघाली. तिसरा ताहुआताचा होडीवाला. त्याने आत्याला पाहिलं आणि आधीच हात जोडले. "मावशी, मी नुसता वास घ्यायला आलोय."

पुआहेई खाली बसली. गणित स्पष्ट होतं. ज्याला हा वास आवडतो तो आपल्या बेटांवरचा, आणि जो आपल्या बेटांवरचा तो आत्याचा कुणीतरी. आणि जो परका, त्याला टेबलाजवळ उभंही राहवत नाही. दोन वर्तुळं काढली तर त्यांचा एकही बिंदू सामाईक नव्हता.

"भिंतीला खिळे ठोकून ठेवलेत मी," कोहूने कळवलं. "सात."

होडीने परतीचा पहिला भोंगा दिला तेव्हा एक बाई वाऱ्याविरुद्ध सरळ चालत आली. ठेंगणी, जाड भिंगाचा चष्मा, उन्हाने लाल झालेलं नाक. ते नाक तिने टिकीच्या पोटाला टेकवलं आणि लांब श्वास घेतला. मग पाठीला टेकवलं. मग बोटाच्या पेराने टिकीवर तीन ठिकाणी टकटक केलं आणि कान लावला.

"किती मुरवलाय?" तिने विचारलं.

"चार दिवस," पुआहेई म्हणाली.

"शक्य नाही."

"खड्डा माझ्या आजीचा आहे. पंचावन्न वर्षं रिकामा झालेला नाही."

"हां, मग बरोबर!" बाईचा चेहरा उजळला. तिचं नाव ओदील. फ्रान्सच्या पूर्वेला डोंगरात ती चीज करायची. तिची आई करायची, आईची आईही. "आमच्या तळघराच्या तिसऱ्या फळीवर हाच वास येतो. मी सहा आठवडे घरापासून लांब आहे. हा मला हवा."

तिने पुआहेईच्या हातात नोटा कोंबल्या आणि टिकी छातीशी धरला. पुआहेईने नोटांकडे पाहिलंही नाही. ती आत्याकडे पाहत होती.

आत्या बाह्या सरसावून आली. "बाई, तुमचे वडील कुठले?"

"त्याच गावचे."

"आजोबा?"

"त्याच गावचे. आमच्याकडे साठ माणसं आणि दोनशे गायी."

"घराण्यात कुणी खलाशी? देवमासे मारणाऱ्या जहाजांवर गेलेलं? मिशनरी? पळून गेलेला मामा?"

"आमच्यात समुद्र पाहिलेली मीच पहिली."

"इथे कुणीच नाही तुमचं? एकसुद्धा?"

"कुणीच नाही."

"परकी!" पुआहेई टाळी वाजवून ओरडली. "आत्या, ठार परकी!"

पण आत्याचा चेहरा पडला होता. एवढ्या मोठ्या समुद्रात या बाईचं एकही माणूस नाही, हे तिला सोसवत नव्हतं. तिने ओदीलला ओढून बसवलं आणि पोपोईचा वाडगा पुढे केला. पाहुणे पोपोई चाखतात, हसतात आणि पाणी मागतात. ओदीलने दोन बोटं बुडवली, वळवली, तोंडात घातली आणि दुसऱ्यांदा बुडवली. आत्या बघत राहिली. तिने ओदीलच्या दंडावर हात ठेवला आणि डोळे मिटले.

हे पुआहेईने आधी पाहिलं होतं. आत्या जुन्या वळणाची होती. तिला कुणी मनापासून आवडलं की ती त्याच्याशी नाव बदलायची. आत्याचं नाव त्याला, त्याचं आत्याला. एकदा नाव बदललं की तो माणूस आत्याच. आत्याचे भाऊ ते त्याचे भाऊ, आत्याची डुकरं ती त्याची डुकरं. एका दातांच्या डॉक्टरला तिने असंच घरचं करून टाकलं होतं. आणि टिकी अजून खोऱ्यातच होता.

कोहूच्याही ते लक्षात आलं. तो लगबगीने जवळ आला. "आत्या, काय गोड बाई आहे गं! नाव दे ना तिला. आत्ताच दे. नंतर राहून जातं."

"आत्या, थांब!" पुआहेई म्हणाली. "एवढी मोठी गोष्ट अशी घाईत करतात का?"

"माया घाईतच येते," आत्या डोळे मिटून म्हणाली. "बाई, माझं नाव..."

दुसरा भोंगा झाला.

"तुमची होडी!" पुआहेईने ओदीलला उभं केलं. "शेवटची! पळा!"

"पण या काही सांगत होत्या..."

"पत्राने सांगतील! पळा!"

ओदील टिकी छातीशी धरून पळाली. तिच्यामागे चार कुत्री आणि डुक्कर. त्यांच्यामागे पुआहेई, दोन्ही हात पसरून, कुणाला पुढे जाऊ न देता. तिच्यामागे कोहू, आत्याचा हात धरून तिला ओढत. "चल आत्या, गाठू तिला!" आत्या गुडघे सांभाळत ओरडत होती, "अगं बाई, थांब, तुला काहीतरी द्यायचंय!"

होडीवाल्याने ओदीलला दंडाला धरून आत घेतलं. टिकी आत गेला. डुकराला बाहेर ठेवण्यात थोडा वेळ गेला. मग दोर सुटला, लाट आली, होडी वर चढली, खाली गेली आणि धक्क्याच्या पलीकडे गेली.

आत्या धक्क्याच्या टोकाला पोचली. तिने दोन्ही हातांचा कर्णा केला.

"ता! हिया! ति! नी!" ती समुद्रावर गरजली. "ते माझं नाव! ते तुझं!"

होडीत ओदील उभी राहिली. होडीवाल्याने तिला खाली बसवलं, ती पुन्हा उभी राहिली. तिला किती कळलं कोण जाणे. बहुतेक होडीवाल्याने सांगितलं असावं. तिने टिकी डोक्यावर उचलून धरला आणि ओरडली, "ओ! दील!"

"ओदील," आत्याने हळूच म्हणून पाहिलं. पुन्हा म्हणून पाहिलं. मग नाक पुसलं.

"होडी लाटेपलीकडे गेल्यावर नाव दिलंस," पुआहेई धापा टाकत म्हणाली. "म्हणजे खोऱ्याबाहेर गेली तेव्हा ती परकीच होती. बघितलंस ना, कोहूदादा?"

कोहूने होडीकडे पाहिलं, धक्क्याकडे पाहिलं, अंतर जोखलं. "बघितलं," तो नाइलाजाने म्हणाला. मग त्याचा चेहरा एकदम फुलला. "पण शब्द कुणी दिला होता?"

"आत्याने."

"ताहियातिनीने. ती कुठेय?"

दोघांनी आत्याकडे पाहिलं. आत्याने गंभीरपणे बोटीकडे बोट दाखवलं.

"ती गेली," आत्या म्हणाली. "मी ओदील. मला बाई त्या पटाश्यांचं काहीच ठाऊक नाही."

कोहू इतका हसला की त्याला धक्क्यावरच बसावं लागलं. घरापर्यंतच्या वाटेवर पुआहेईने नऊ मुद्दे मांडले, त्यांतले चार कायद्याचे होते. आत्या प्रत्येकावर "ते तुम्ही ताहियातिनीला लिहा" एवढंच म्हणत होती. घरी आल्यावर तिने पाय धुतले, हात धुतले, पेटी उघडली आणि झाडाच्या सालीच्या कापडात गुंडाळलेली वळकटी काढून मांडीवर ठेवली.

"माझ्याकडे माग. नीट नाव घेऊन."

पुआहेईने दोन्ही हात पुढे केले. "ओदीलआत्या," ती म्हणाली, "आजोबांच्या पटाश्या मला दे."

"घे, पोरी," ओदीलआत्या म्हणाली.